सतार आणि मीडिया, पोरीला दोन्ही करायचंय. कॉलेज कुठलं बघू?

विश्रामबागवाली:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. मुलगी यंदा सांगलीतच बारावी सायन्स झाली. पीसीएम ग्रुप, मार्क बरे आहेत, म्हणजे इंजिनिअरिंगला कुठेतरी नक्की लागेल इतपत. पण तिला इंजिनिअरिंग करायचंच नाहीये. पाचवीपासून सतार शिकतेय, गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांपैकी मध्यमा पूर्ण झालीय, आता विशारद प्रथमची तयारी. आणि दुसरीकडे तिला रेडिओ, पॉडकास्ट, गाण्याबजावण्यावर लिहिणं-बोलणं असलं काहीतरी करायचंय. तिच्या भाषेत 'म्युझिक प्लस कम्युनिकेशन'.

सध्या तीन गोष्टी डोक्यात आहेत. पुण्याला विद्यापीठातलं ललित कला केंद्र, तिथे पूर्णवेळ संगीत. नाहीतर पुण्यातलंच एक खाजगी मीडिया कॉलेज, त्यांचं माहितीपत्रक बघून पोरगी हरखली आणि फी बघून आम्ही. नाहीतर इथेच सांगलीत साधं बीए करायचं आणि सरांकडे शिकणं चालू ठेवायचं. दोन्ही एकत्र शिकवणारं एखादं कॉलेज आहे का? असल्यास तिथे शिकलेलं कुणी इथे आहे का? यांचं म्हणणं सतार हौस म्हणून ठेव आणि डिग्री इंजिनिअरिंगची घे. त्यावरून घरात पंधरा दिवस अबोला चालू आहे, दोघंही माझ्यामार्फत बोलतात.

भडंगवाला:
मिरज हाकेच्या अंतरावर असून सतारीसाठी कॉलेज शोधताय म्हणजे गणपतीच्या देवळासमोर उभं राहून गणपती कुठाय विचारताय की वो ताई.

माहुलीकर:
'सतार' वाचून साताऱ्याचा धागा असेल म्हणून उघडला. असो, आलोच आहे तर बसतो.

सुरेल_गोंधळ:
@विश्रामबागवाली, अभिनंदन आधी. मध्यमा पूर्ण म्हणजे खेळ नाही. एक विचारू का, तिला पुढे सतार *वाजवायची* आहे की सतारीबद्दल *बोलायचंय*? दोन्हीचे रस्ते वेगळे. वाजवायची असेल तर दिवसाचे चार-पाच तास हातातून सुटता कामा नयेत, आणि मीडियाच्या कोर्सला असाइनमेंट, शूट, प्रोजेक्ट यांनी तुम्हाला झोपायलाही वेळ उरत नाही. मी स्वतः गाणं आणि मास मीडिया एकदम करायला गेले आणि दोन वर्षांत गळा बसला. गळा म्हणजे खराच गळा.

जुना_मास्तर:
मी तीस-एक वर्षं कॉलेजात शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे थोडं मास्तरकीचं बोलतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

नवीन शैक्षणिक धोरण आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं. त्यात मेजर म्हणजे मुख्य आणि मायनर म्हणजे जोडीचा असे विषय असतात, त्यामुळे कागदावर बघितलं तर मेजर एक आणि मायनर संगीत हे सहज जमतं. पण मेख अशी आहे की मायनर तोच मिळतो ज्याचा विभाग त्या कॉलेजात आहे आणि शिकवायला माणूस आहे. माहितीपत्रकात विषयांची यादी हातभर असते. प्रवेश घेतल्यावर कळतं की त्या विषयाला तीन मुलं आली म्हणून यंदा तो चालवत नाहीत. तेव्हा ऑफिसात न विचारता थेट विभागात जाऊन विचारा, गेल्या वर्षी या विषयाला किती मुलं होती आणि तास कोण घेत होतं. कपाटात तंबोरे असतील तर त्यांना हात लावून बघा. तारांना गंज असेल तर काय ते समजा.

दुसरं, यूजीसीने एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष हजेरीच्या असतील तर तासांच्या वेळा एकमेकींवर यायला नकोत, नाहीतर एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन. हा रस्ता फार लोकांना माहीत नाही. पण माझ्या मते तुमच्या मुलीला दुसऱ्या पदवीची गरजच नाही, कारण गांधर्वच्या परीक्षा कुठलंही कॉलेज करत देता येतात. एप्रिल-मेला एक सत्र, नोव्हेंबर-डिसेंबरला एक. कुठलीही पदवी आणि हातात विशारद असेल तर बऱ्याच विद्यापीठांत एमए संगीताला उभं राहता येतं. जिथे जायचं तिथली अट तेवढी आधी लेखी विचारून घ्या.

भडंगवाला:
मास्तर, तंबोऱ्याच्या तारांवरून कॉलेजची परीक्षा. हे भारी आहे. आमच्या वेळी कॅन्टीनच्या चहावरून करायचो.

रेडिओवाली:
मी आकाशवाणीवर काही वर्षं नैमित्तिक निवेदक म्हणून काम केलंय, म्हणून दोन शब्द. सांगलीत आकाशवाणीचं केंद्र आहे याचं महत्त्व सांगलीकरांना कळत नाही, मुंबईची मुलं असल्या संधीसाठी रांगेत उभी असतात. युवावाणी या तरुणांच्या कार्यक्रमासाठी मुलं लागतातच. स्वरपरीक्षा देऊन ग्रेड मिळवता येते, बी पासून सुरू होते आणि वर टॉपपर्यंत जाते. आणि निवेदनाची आवाजचाचणी वेगळी. दोन्ही खिडक्या एकाच इमारतीत.

माईकसमोर मला जे शिकायला मिळालं ते कुठल्या वर्गात मिळालं नसतं. पहिल्या दिवशी मी 'राग मुलतानी' असं धाडकन म्हणून गप्प झाले, तर ड्युटीवरच्या बाई म्हणाल्या, अगं तू रागाचं नाव सांगत्येस, पोस्टमन नाहीस दारात पार्सल टाकून जायला. मग त्यांनी मला रागाचं नाव, कलाकाराचं नाव आणि सुरुवात यांच्यामध्ये किती श्वास सोडायचा ते शिकवलं. तेवढ्यासाठी एक आख्खी दुपार. ज्याला गाणं कळतं त्यालाच तो श्वास सोडता येतो. पोरीला सतार येते हा तिचा मीडियातला सगळ्यात मोठा हुकमी पत्ता आहे, तो सोडू नका.

कोथरूडचा_सांगलीकर:
मी थोडं विरुद्ध बोलतो. आकाशवाणी वगैरे छान आहे, पण त्यावर पोट भरत नाही हे रेडिओवाली ताई पण मान्य करतील. मी पुण्यात एका खाजगी मीडिया कॉलेजातून झालो, नाव घेत नाही. फी भरताना वडिलांनी गुंठाभर जागा विकली. शिकवलं काय? पहिल्या वर्षी कम्युनिकेशनच्या थिअऱ्या, दुसऱ्या वर्षी परत त्याच थिअऱ्या पण पीपीटीवर. स्टुडिओ होता, चकाचक, पण त्याची चावी एकाच माणसाकडे आणि तो माणूस सदैव रजेवर. पण, आणि हा मोठा पण आहे, बरोबरची मुलं भन्नाट मिळाली. आज मला जे काम येतं ते त्या मुलांकडूनच येतं. म्हणजे फी वर्गाची नव्हती, ओळखींची होती असं आता वाटतं.

रेडिओवाली:
@कोथरूडचा_सांगलीकर, मान्य, पोट भरत नाही. मी सकाळी बँकेत आणि संध्याकाळी केंद्रात असायचे.

जुना_मास्तर:
कोथरूडकरांनी मुद्द्याला हात घातला. मी माझ्या विद्यार्थ्यांना कायम सांगायचो, पत्रकारिता-जनसंवाद हे पदवीनंतर करा. आधी तीन वर्षं एखादा *विषय* शिका. इतिहास, अर्थशास्त्र, संगीत, काहीही. नाहीतर बोलायचं कसं ते येतं आणि बोलायचं काय ते येत नाही. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट पदवीनंतरच घेतं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही पत्रकारिता आणि संगीत-नाट्यशास्त्र असे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. तुमचं काय ते म्युझिक प्लस कम्युनिकेशन, तर चालत दहा मिनिटांवर प्लस आहे.

बीएमएम_वाली:
मास्तर, आदर आहे, पण हे 'आधी विषय शिका' प्रकरण मला पटत नाही. मी मुंबईत मास मीडिया केलंय, तेव्हा बीएमएम म्हणायचे, २०१९ पासून त्याचं बीएएमएमसी झालं. काही कॉलेजांत मराठीतूनही आहे. अठराव्या वर्षी एडिटिंग हाताला बसतं तसं बाविसाव्या वर्षी बसत नाही. शिवाय पदवीनंतर दोन वर्षं अजून कोण पोसणार? सगळ्यांच्या घरी तेवढा दम नसतो. मुलीला आवाजाचं एडिटिंग येत असेल तर ती दुसऱ्या वर्षापासून चार पैसे कमावू शकते. मी कमावलेत, लग्नाच्या व्हिडिओंना संगीत लावून. सनई कुठे बंद करायची आणि ढोल कुठे सुरू करायचा यावर माझी तीन वर्षांची खोली निघाली.

माहुलीकर:
लग्नाच्या व्हिडिओत सनई कुठे बंद करायची? लग्न लागल्यावर.

भडंगवाला:
@माहुलीकर 😂 बंद ती कायमचीच बंद.

तरफेची_तार:
मी मिरजेचा, सतारमेकर गल्लीतला. घरचा धंदा. तुम्ही सगळे कॉलेजबद्दल बोलताय, मला ते काय कळत नाही, पण एक विचारतो, पोरगी पुण्याला गेली तर सतार नेणार कशी आणि ठेवणार कुठं? हसू नका. दरवर्षी जूनमध्ये आमच्याकडं दोन-तीन सतारी भोपळा फुटून येतात. हॉस्टेलला कॉटखाली सारलेल्या असतात. रूममेटनं वरनं बॅग टाकली, खलास. भोपळा सांधता येतो पण आवाज पहिला राहत नाही. फायबरची पेटी घ्या, महाग पडते पण घ्या. आणि रेल्वेत वरच्या बर्थवर आडवी, ती पण मानेकडून भिंतीला. एसटीत नेऊ नका म्हणजे नकाच.

विश्रामबागवाली:
@तरफेची_तार, दादा तुम्ही हे लिहिलंत आणि माझ्या पोटात गोळा आला. सतार तुमच्याच गल्लीतली आहे. हा विचारच केला नव्हता.

सातवा_पडदा:
धागा भरकटवतो, माफी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा गल्लीत काही फरक पडला का?

तरफेची_तार:
फोटो काढायला माणसं जास्त येतात. गिऱ्हाईक थोडं वाढलं. पण नवीन पोरं कामाला येत नाहीत ते तसंच आहे. आमची मूळ माणसं हत्यारांना धार लावणारी, शिकलगार. हत्यारं गेली आणि हात तंतुवाद्यावर आला. भोपळा अजून पंढरपूर-मंगळवेढ्याकडनंच येतो, शेतात वाळवतात, एक चांगला मोठा गोल भोपळा मिळायला नशीब लागतं. जवारी काढणं शिकायला मला सात-आठ वर्षं लागली आणि वडील म्हणतात अजून आली नाही. त्याला कुठलं कॉलेज नाही.

सातवा_पडदा:
जवारी म्हणजे नक्की काय हे वाचणाऱ्यांना सांगा की.

तरफेची_तार:
तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा सपाट दिसतो पण सपाट नसतो, अगदी केसाएवढा उतार असतो. तार त्यावर घासत-घासत सुटते म्हणून तो झणझणीत लांब आवाज येतो. तो उतार कानशीनं घासून काढायचा. एक घास जास्त झाला की आवाज बसला. डोळ्यानं दिसत नाही, कानानंच काढायची. वाजवून वाजवून घोडीत तारेची खाच पडते, मग परत काढायला लागते. पुण्याला जाणार असाल तर जायच्या आधी काढून घ्या, तिकडं वाट बघायला लागेल.

पेठेतली_काकू:
मूळ प्रश्नावर येते. मी सांगलीचीच, लग्न होऊन पुण्याला आले. माझी पुतणी गाणं शिकायला म्हणून पुण्यात एका मुलींच्या हॉस्टेलला होती. कॉलेज उत्तम, गुरू उत्तम, फक्त रियाज करायला जागा नाही. रेक्टरबाई म्हणायच्या सकाळी सातच्या आधी आवाज नको, आणि सातला कॉलेजची बस. रात्री दहानंतर आवाज नको, आणि रात्री नऊपर्यंत मेस. मग पोरगी गच्चीत पाण्याच्या टाकीमागे साडेपाचला जाऊन खर्जाचा रियाज करायची, फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप, कानात एकच बोंडी. थंडीत शाल घेऊन. एके दिवशी वॉचमनने चोर समजून शिट्टी मारली. ती कोमल रिषभावर होती म्हणे, शिट्टी मात्र बरोबर षड्जात लागली.

आम्ही हसलो तेव्हा. पण दुसऱ्या वर्षी तिने गाणं सोडलं. कुणी सोड म्हणालं नाही, भांडण नाही, काही नाही. जागा मिळत नव्हती म्हणून कमी-कमी होत गेलं आणि मग सुटलं. डिग्री झाली तिची, फर्स्ट क्लास.

तेव्हा ताई, कॉलेजला जाऊन प्लेसमेंट विचारू नका. हॉस्टेलला जाऊन विचारा, मुलीला रोज तीन तास वाजवू द्याल का, कुठे आणि कधी. नाही म्हणाले तर कॉलेज कितीही नावाजलेलं असू दे.

सुरेल_गोंधळ:
काकू 👏 अगदी हेच. माझा गळा बसला त्याचं खरं कारण हेच होतं, उशीत तोंड खुपसून ताना मारायचे मी. लिहिताना लाज वाटली म्हणून आधी लिहिलं नव्हतं.

भडंगवाला:
उशीत ताना. आणि आम्ही म्हणायचो हॉस्टेलला भूत आहे.

औंधचा_यात्रेकरू:
मी दरवर्षी साताऱ्याकडच्या औंधच्या संगीत महोत्सवाला जातो, तिथे रात्रभर बसणाऱ्यांत कॉलेजची मुलं किती हे मोजायची वाईट खोड आहे मला. असतात, पण जी असतात त्यातली बरीचशी कुठल्याच संगीत कॉलेजची नसतात. इंजिनिअर, फार्मसी, एक तर ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होता. म्हणजे यांच्या बाबांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हो. नोकरीची डिग्री घेऊन संगीत जपणारे आहेत.

विश्रामबागवाली:
@औंधचा_यात्रेकरू, कृपा करून हा प्रतिसाद काढून टाका, हे धागा वाचतायत.

औंधचा_यात्रेकरू:
😄 दादांना नमस्कार सांगा.

कुरुंदवाडी_पेढा:
बाबांसाठी उलट बाजूचं एक उदाहरण. आमच्या कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले म्हणून शाळा सुटली आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुढे त्यांनी जे केलं त्याला आजच्या भाषेत कम्युनिकेशनच म्हणावं लागेल. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातलं गाणं तिकीट लावून सामान्य माणसापुढे आणलं, स्वतःची स्वरलिपी तयार केली, पुस्तकं छापली, छापखाना घातला, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर ज्या परीक्षेबद्दल चाललंय ती मध्यमा आणि विशारद त्याच परंपरेतली. तेव्हा गाणं आणि लोकांपर्यंत पोचणं या दोन वेगळ्या लायनी आहेत असं मला तरी वाटत नाही.

जुना_मास्तर:
वा, पेढा. हे मला सुचायला हवं होतं.

आवाज_चालू:
उशिरा आलो. मी सिनेमासाठी साउंड करतो, लोकेशनवर माईक धरून उभा असतो तो माणूस. वर कुणीच एक महत्त्वाची गोष्ट बोललं नाही म्हणून लिहितो.

मुलगी बारावीला *फिजिक्स* घेऊन पास झालीय ना? मग सायन्स वाया गेलं असं अजिबात समजू नका. पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटला, साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा तीन वर्षांचा कोर्स आहे, पदवीनंतरचा. पदवी कुठलीही चालते, बीए सुद्धा, पण बारावीला फिजिक्स लागतं. माझ्या ओळखीची दोन उत्तम कानाची मुलं केवळ याच अटीवर अडकली, आर्ट्सची होती. नियम दरवर्षी जाहिरातीत बघून घ्यायचेच, पण तुमच्या मुलीचं ते दार उघडं आहे. ती तीन वर्षं बिनधास्त संगीतात बीए करू दे, सतार सोडू नको म्हणावं, आणि मग साउंडकडे वळायचं का ते ठरवू दे. सतार वाजवणाऱ्याला तरफा ऐकायची सवय असते, म्हणजे मुख्य आवाजामागचा आवाज. आम्ही नेमकं त्याचेच पैसे घेतो.

विश्रामबागवाली:
@आवाज_चालू, तुमचा प्रतिसाद जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. पंधरा दिवसांनी बापलेक एकमेकांशी थेट बोलले. काय बोलले तर, 'फिजिक्स घे म्हणून मीच सांगितलं होतं.'

भडंगवाला:
बाबा जिंकले 🎉 मुद्दा कुठलाही असो, बाबा जिंकले पाहिजेत, मग काम होतं.

बडोदेकर_माहेरची:
कुणी बडोदा लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. सयाजीरावांच्या काळात १८८६ साली मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली, आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे. गायन, वादन, नृत्य, नाट्य. मराठी माणसं भरपूर, मुलीला परकं वाटणार नाही. लांब आहे हे खरं.

सुरेल_गोंधळ:
ललित कला केंद्राबद्दल विचारलं होतं ना ताईंनी, ते राहूनच गेलं. तिथे नुसत्या मार्कांवर प्रवेश नाही, वाजवून दाखवावं लागतं. संगीत, नृत्य, नाटक तिन्ही शेजारी-शेजारी असल्याने वातावरण वेगळंच असतं, मुलं एकमेकांच्या प्रयोगांत वाजवतात. मीडिया म्हणून विषय नाही, पण नाटकवाल्यांबरोबर तीन वर्षं राहिलं की माणूस बोलायला शिकतोच, नको तितकं.

कृष्णेचं_पाणी:
नाटक म्हटलं की सांगलीचं नाव यायलाच हवं. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथेच...

भडंगवाला:
आलं. आलं सीता स्वयंवर. मी वाटच बघत होतो. सांगलीच्या कुठल्याही धाग्यात पन्नासाव्या प्रतिसादाच्या आत येतंच.

कृष्णेचं_पाणी:
अभिमान आहे, लिहिणारच.

विश्रामबागवाली:
सगळ्यांचे आभार. आता मुलगी म्हणते मी लिहिते, तुम्ही सगळे माझ्याबद्दल बोलताय आणि मला कुणी विचारलंच नाही. तिला टाइप करू देते.

हाय. मी ती 'पोरगी'. सगळं वाचलं. सुरेल_गोंधळ ताई, तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं, वाजवायची आहे की बोलायचंय. मला त्याचं उत्तर तेव्हा येत नव्हतं म्हणून आईने दिलं नाही. मागच्या आठवड्यात मी जवारी काढून घ्यायला मिरजेला गेले होते. काकांनी सतार मांडीवर घेतली, घोडी सोडवली आणि कानस लावली. मी फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला, असाच. घरी येऊन हेडफोनवर ऐकलं तर आधी खर्र-खर्र, मग थांबून एक टण्ण, तो टण्ण बसका. परत खर्र-खर्र, परत टण्ण, थोडा मोकळा. असं बावीस वेळा. शेवटचा टण्ण इतका लांबत गेला की मागे गल्लीतली कुकरची शिट्टी आणि कुणीतरी 'ए आयशा' म्हणून हाक मारलेली त्याच्या आत ऐकू येते. मी काही बोलले नाही त्यात, कापून जोडलं पण नाही, तसंच मैत्रिणींना पाठवलं. एक पुण्याची मैत्रीण, तिला सतारीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणाली शेवटच्या वेळी मला रडू आलं, का ते माहीत नाही.

मला हे करायचंय. याला कॉलेजात काय म्हणतात ते माहीत नाही. पण मी सतार वाजवत नसते तर बाविसावा टण्ण वेगळा आहे हे मलाच कळलं नसतं, त्यामुळे सतार सोडणार नाही, एवढं नक्की. खाजगी कॉलेज मी यादीतून काढलं, बाबा खूश. ललित कला केंद्राचा फॉर्म भरणार आहे. नाही झालं तर इथेच बीए, विशारद, आणि रेडिओवाली मावशींनी सांगितलं तसं युवावाणी. फिजिक्सचं मार्कशीट जपून ठेवलंय.

तरफेची_तार:
ती कानस माझ्या वडिलांची. त्यांना ऐकवलं. म्हणाले एकविसाव्यालाच थांबायला पाहिजे होतं.

रेडिओवाली:
बाळ, ते रेकॉर्डिंग मला पाठव. कापू नकोस.

जुना_मास्तर:
मी 'आधी विषय शिका' म्हणत होतो. या मुलीला विषय सापडलेला आहे. मी गप्प बसतो.

बीएमएम_वाली:
मास्तर गप्प बसले, स्क्रीनशॉट काढून ठेवा सगळ्यांनी. आणि मुली, कापायचं नाही ते ठीक, पण कापायला शीक. मी शिकवते, फुकट, सनईची शपथ.

विश्रामबागवाली:
परत मी. वाजवून दाखवायला पुण्याला जायचंय, दोघीच जाऊ, रेल्वेनेच, वरचा बर्थ, मान भिंतीला. फायबरची पेटी घेतली. आता एकच विचारते, प्रवेश झालाच तर हॉस्टेलऐवजी खोली बघू म्हणतोय. पुण्यात सतारीला हो म्हणणारा घरमालक कुणाच्या माहितीत आहे का?

पेठेतली_काकू:
आमच्याच वाड्यात मागची खोली रिकामी होतेय. घरमालक ऐंशीच्या पुढचे, दोन्ही कानांनी कमी ऐकतात.

भडंगवाला:
याहून चांगला घरमालक अख्ख्या पुण्यात मिळणार नाही ताई, आजच डिपॉझिट द्या.

पेठेतली_काकू:
थांबा, विचारून आले. म्हणाले सतार असेल तर चालेल, पण संध्याकाळी दार उघडं ठेवून वाजवायची, म्हणजे त्यांना थोडंतरी ऐकू येईल.